पासवर्ड फुटलाय का हे तपासायला तोच पासवर्ड साइटवर टाकणं कितपत सुरक्षित?

शंका अगदी रास्त आहे. फुटलाय का ते बघायला पासवर्ड टाइप केला, तर तो आपणच त्यांच्या हवाली केला असं होतं. अनोळखी साइटवर म्हणूनच कधीही टाकू नका. सायबर सुरक्षा तज्ज्ञ ट्रॉय हंट यांच्या 'हॅव आय बीन पोन्ड' या, माहिती फुटलीय का ते सांगणाऱ्या साइटवरचं पासवर्डचं पान मात्र वेगळ्या रीतीनं चालतं, आणि ते स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं.

तिथे टाइप केलेल्या पासवर्डचा ४० अक्षरी एसएचए-१ हॅश (पासवर्डवरून ठरावीक गणितानं काढलेला, उलट वाचता न येणारा ठसा) तुमच्या ब्राउझरमध्येच बनतो. सर्व्हरला जातात फक्त पहिली ५ अक्षरं. त्या ५ अक्षरांनी सुरू होणारे, फुटलेल्या पासवर्डांचे कितीतरी हॅश तो परत पाठवतो. प्रत्येकाची उरलेली ३५ अक्षरं आणि पुढे तो किती वेळा सापडला तो आकडा. तुमचा त्यात आहे का, ही जुळवणी ब्राउझर करतो. २०१८ पासून ही सोय आहे.

खात्री करायला कॉम्प्युटर घ्या. इन्कॉग्निटोत पान उघडा, कारण तिथे एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम) सहसा बंद असतात. एखादं वाईट एक्स्टेन्शन तुम्ही टाइप केलेलं सरळ वाचू शकतं. एफ१२ दाबून नेटवर्क टॅबवर जा. आधी स्वतःचा पासवर्ड नको, इंग्रजीत लहान लिपीत 'पासवर्ड' हाच शब्द टाका. यादीत 'रेंज'ची एक विनंती दिसेल, तिच्या पत्त्याच्या शेवटी ५बीएए६ (5BAA6) एवढंच असेल. तिच्यावर क्लिक केलंत की रिस्पॉन्समध्ये आलेली यादीही दिसते. दुसरी एखादी साइट पूर्ण ४० अक्षरं पाठवताना दिसली, तर टॅब बंद करा. साध्या पासवर्डांचे हॅश आधीच काढून ठेवलेले असतात, त्यामुळे पूर्ण हॅश देणं म्हणजे जवळपास पासवर्डच देणं.

लोक हमखास चुकतात ते कॉपी-पेस्ट करताना. शेवटी एक रिकामी जागा (स्पेस) जास्त आली तरी हॅश पूर्ण बदलतो आणि 'सापडला नाही' असं खोटं समाधान मिळतं. खरोखर सापडला नाही, तरी तो मजबूत आहे असं ठरत नाही. तो त्या यादीत नाही एवढंच.

बरेच पासवर्ड क्रोममध्ये साठवलेले असतील, तर एकेक टाइप करूच नका. सेटिंग्जमधल्या गूगल पासवर्ड मॅनेजरमध्ये 'चेकअप' चालवा. फुटलेले, पुन्हा वापरलेले आणि कमकुवत असे वेगवेगळे दाखवतो. फुटलेल्यांत ईमेलचा पासवर्ड असेल तर तो आधी बदला, कारण बाकी खात्यांच्या रीसेट लिंक तिथेच येतात.