वाचक विचारतात : पडद्यावरचं हत्तींचं कुटुंब

प्रश्न : केनियातल्या हत्तींवरच्या माहितीपटात निवेदक ‘ही आजी, ही मावशी’ असं बिनदिक्कत सांगतो. ही नाती कळतात कशी? की संकलनाच्या टेबलावर जुळवली जातात? (एक वाचक, सांगली)

उत्तर : हत्ती केनियातल्या अंबोसेली राष्ट्रीय उद्यानाचे असतील तर नाती बहुधा खरी. तिथे हत्तींच्या अभ्यासक सिंथिया मॉस यांनी १९७२ मध्ये काम सुरू केलं आणि कोणतं पिल्लू कुणाच्या पोटचं, याची नोंद तेव्हापासून ठेवली जाते. ओळख पटते मुख्यतः कानांवरून : कडेच्या फाटी, भोकं आणि पृष्ठभागावरच्या शिरांचं जाळं. सुळे वाढतात, तुटतात, म्हणून केवळ त्यांच्यावर विसंबत नाहीत. प्रत्येक कुटुंबाला रोमन अक्षरांची खूण असते. ‘ईबी’ कुटुंबातल्या सगळ्यांची नावं ई या अक्षराने सुरू होतात. २००९ मध्ये वारलेली एको ही त्याच कुटुंबाची म्होरकी. तिचं एली हे पिल्लू १९९० मध्ये पुढचे पाय दुमडलेल्या अवस्थेत जन्मलं. ते उभं राहीपर्यंत आई आणि मोठी बहीण एनिड त्याला सोडून गेल्या नाहीत. हे चित्रीकरणात आहे, निवेदनापुरतं नाही.

थोडी पडताळणी घरबसल्याही होते. आईच्या पोटाखालून सहज जाणारं पिल्लू वर्षाच्या आतलं. सुळ्यांची टोकं बाहेर दिसू लागली की ते साधारण दोन वर्षांचं. बाजूने पाहिलं तर मादीचं कपाळ कोनात मोडतं, नराचं गोलसर दिसतं. पुढच्या पायांच्या मध्ये भरलेले स्तन दिसले तर ती अंगावर पाजणारी. आणि एकाच प्रसंगात आधी फाटलेला दिसलेला उजवा कान पुढच्या शॉटमध्ये अखंड दिसला, तर दोन हत्तिणी जोडून एक केली आहे, असं खुशाल समजा.

प्रश्न : ताटातुटीनंतर भेटलेल्या हत्तिणींच्या गालावर ओघळ दिसतात. हत्ती खरंच रडतात? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : ओघळ डोळ्यातून निघतो की डोळा आणि कान यांच्या मधून, ते आधी पाहा. मधून निघत असेल तर तो गंडस्थळाचा पाझर, अश्रू नव्हेत. आपल्याकडे मद म्हटला की माजावरचा नर आठवतो. आफ्रिकी हत्तिणींचं गंडस्थळ मात्र भेटीच्या किंवा भीतीच्या उत्तेजनेनेही पाझरतं. नर माजावर असेल तर पाझर सतत चालू राहतो आणि लघवीही ठिबकत असते.

प्रश्न : आपल्या आईची हाडं हत्ती ओळखतात का?

उत्तर : तसा पुरावा नाही. संशोधक कॅरन मकॉम्ब आणि सहकाऱ्यांनी अंबोसेलीतच कवट्या, हस्तिदंत आणि लाकूड मांडून पाहिलं. हत्तींनी सर्वांत जास्त वेळ हस्तिदंताला दिला. गेंडा आणि म्हशीच्या कवटीपेक्षा हत्तीची कवटी त्यांनी जास्त हुंगली, चाचपली. पण आपल्या मेलेल्या म्होरकीची कवटी परक्या कवट्यांतून वेगळी काढली नाही. म्हणजे कुतूहल खरं; ‘आईला निरोप’ ही पटकथाकाराची भर.

प्रश्न : या माहितीपटांत मोठे नर क्वचितच दिसतात. कुटुंबात त्यांना काही काम नसतं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कळप आजी, माद्या आणि पिल्लांचा. नर साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास बाहेर पडतो आणि पुढचं शिक्षण थोरल्या नरांच्या संगतीत होतं. हा भाग माहितीपट घाईने उरकतात, आणि तिथेच चुकतात. दक्षिण आफ्रिकेतल्या पिलानेसबर्ग अभयारण्यात तिथल्याच क्रूगर राष्ट्रीय उद्यानातून अनाथ पिल्लं आणून सोडली होती; सोबत थोरला नर एकही नव्हता. एरवी माज पंचविशीच्या पुढे येतो. इथले नर लहान वयातच माजावर आले, तोही लांबलेला, आणि १९९२ ते १९९७ या काळात त्यांनी ४० हून अधिक पांढरे गेंडे मारले. १९९८ मध्ये क्रूगरमधून सहा थोरले नर आणले. थोरल्या माजावरच्या नराशी गाठ पडली की धाकट्याचा माज उतरतो. तसंच झालं, आणि गेंडे मारणं थांबलं.