मायक्रोआरएनए रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींची वाढ थांबवतात म्हणे. मग त्याचं इंजेक्शन कुठे मिळेल?

ठाण्यातल्या तुमच्या मामांना सीएमएल (एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर) आहे, त्यावरची इमॅटिनिब ही गोळी चालू आहे आणि व्हॉट्सॲपवर मायक्रोआरएनएच्या ‘रामबाण’ इंजेक्शनबद्दल आलंय, असं तुम्ही लिहिलंय. असं इंजेक्शन बाजारात नाही. कुणी देतो म्हणालं तर खिशात हात घालू नका.

मात्र त्या मेसेजच्या मुळाशी खरं विज्ञान आहे. मायक्रोआरएनए म्हणजे साधारण 22 अक्षरांचा आरएनएचा तुकडा. तो एखाद्या जनुकाच्या एमआरएनएला (प्रथिन बनवायचा निरोप नेणाऱ्या आरएनएला) चिकटतो आणि त्यापासून बनणारं प्रथिन घटवतो. 1993 साली एका इवल्याशा कृमीत त्याचा शोध लागला. अँब्रॉस आणि रुव्हकुन या शास्त्रज्ञांना त्याचं नोबेल मिळायला 2024 उजाडलं.

सीएमएलमधला सगळा घोळ बीसीआर-एबीएल या, दोन जनुकं जोडली जाऊन बनलेल्या जोडजनुकाचा. एमआयआर-203 नावाचा मायक्रोआरएनए नेमका एबीएललाच दाबतो, आणि या पेशींमध्ये बऱ्याचदा तोच बंद पाडलेला असतो. तो परत घातला की पेशींची वाढ मंदावते, हे 2008 साली दाखवलं गेलं. मी खारघरला एका लॅबमध्ये पेशी वाढवते. सीएमएलच्या एका रुग्णापासून आलेल्या के562 पेशी आमच्याकडे कायम असतात. जोमात वाढल्या की आम्ल सोडतात आणि गुलाबी मीडिया (पेशी ज्यात वाढतात तो द्रव) लिंबासारखा पिवळा होतो. प्लेटच्या ज्या खळग्यात वाढ दबली, तिथे तो गुलाबीच राहतो. मोजायच्या आधीच डोळ्यांना कळतं.

एएमएल या दुसऱ्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये एमआयआर-29बी हा पेशींना जिवंत ठेवणारं एमसीएल1 हे प्रथिन दाबून पेशींना मरणाकडे ढकलतो. उलट एमआयआर-155 वाढला तर आजाराला बळच मिळतं. त्यामुळे सरसकट ‘मायक्रोआरएनए चांगले’ असं म्हणणाऱ्याने अर्धंच वाचलंय.

प्लेटमध्ये जमतं ते माणसात का जमत नाही? उघडा आरएनए रक्तात पडला की एन्झाइम त्याचे तुकडे करतात. चरबीच्या कणात गुंडाळून दिला तर बराचसा यकृतात जातो, अस्थिमज्जेपर्यंत थोडाच पोचतो. एमआरएक्स34 नावाचं असं औषध 2013 पासून रुग्णांवर तपासलं जात होतं. रोगप्रतिकारशक्ती भयंकर बिथरली, काही रुग्ण दगावले आणि 2016 मध्ये चाचणी थांबवावी लागली.

मामांची गोळी मात्र एकही दिवस चुकू देऊ नका. रक्तात बीसीआर-एबीएल किती उरलंय ते मोजणारी पीसीआर तपासणी सुरुवातीला साधारण दर तीन महिन्यांनी करतात. मागचे सगळे रिपोर्ट एका फाइलीत लावून न्या. आकडा हवा तसा उतरत नसेल तर डासॅटिनिब, निलोटिनिब अशा गोळ्या आहेत. त्याबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा.