डर्क पिट या नायकाच्या साहस-कादंबऱ्यांच्या मालिकेबद्दल वाचकांची मतं इतकी टोकाची का?

दोन्ही गट वेगवेगळे भाग वाचून भांडतात म्हणून! टिळकवाडीतल्या आमच्या कट्ट्यावरही एक जण मालिका डोक्यावर घेतो, तर दुसरा 'किती वेळा तेच ते ओ!' म्हणून वैतागतो.

क्लाइव्ह कसलरची १९७६ ची 'रेझ द टायटॅनिक' घ्या. त्यात जहाज अखंड वर काढतात. १९८५ मध्ये खरे अवशेष सापडले ते दोन तुकड्यांत. तरी पुस्तक खाली ठेववत नाही, समुद्रतळावरचं काम इतकं तपशिलात आहे.

पुढच्या भागांत साचा उघडा पडतो. सुरुवातीला जुन्या काळातला प्रसंग, मग खलनायक. त्यात लेखक स्वतःच कथेत उगवून पिटला मदत करतो, हे जरा अतीच. २००४ पासून कसलरचा मुलगा डर्क सहलेखक झाला; ते भाग मला बेचव वाटले.

वाचनालयात मिळाली तर १९९२ ची 'सहारा' आधी उचला.