शेवटची पाच मिनिटं

वाचकांचे प्रश्न, एका जुन्या स्टॉपरची (मधल्या बचावपटूची) उत्तरं

प्रश्न : ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यात फातोर्ड्याला भारत-सिंगापूर फुटबॉल सामना बघायला मुलाला घेऊन गेलो होतो. १-० ने पुढे होतो, १-२ ने हरलो आणि २०२७ च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. परतीच्या वाटेवर बांद्यापर्यंत पोरगा गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, पुढच्या वेळी तरी आपले बॅक टिकतील का?" मला उत्तर देता आलं नाही. २०३१ च्या चषकाचा विचार केला, तर आजच्या बचावपटूंपैकी कोणावर भिस्त ठेवायची? तुम्ही स्वतः स्टॉपर होता म्हणून विचारतो.
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : तो सामना मी कोल्हापुरात घरी बसून बघितला. आपल्या छांगटेने चौदाव्या मिनिटाला लांबून गोल ठोकला तेव्हा घरात चहा टाकला गेला. दुसरा चहा त्या दिवशी झालाच नाही.

मला एक खोड आहे. भारताचा सामना लागला की मी वही घेऊन बसतो. आपण गोल खाल्ला की मिनिट लिहितो आणि त्याच्यापुढे एकच गोष्ट : त्या आधीच्या अर्ध्या मिनिटात आपला स्टॉपर कोणाला काही सांगत होता का? टीव्हीवर आवाज येत नाही, पण हात दिसतो. बोलणाऱ्या स्टॉपरचा हात सतत हलत असतो. गप्प स्टॉपरचे दोन्ही हात कमरेवर असतात.

आता वहीतली पानं वाचून दाखवतो. जून २०२३, बंगळुरू, कुवेतविरुद्ध १-० ने पुढे. नव्वद मिनिटं उलटून गेलेली, आणि चेंडू काढता काढता आपला स्टॉपर अन्वर अली याच्या पायाला लागून आपल्याच जाळ्यात. जानेवारी २०२४, कतारमधला आशियाई चषक, उझबेकिस्तान. तिसरा गोल पूर्वार्धाच्या भरपाई वेळेत. मार्च २०२४, गुवाहाटी, अफगाणिस्तान. ८८ व्या मिनिटाला पेनल्टी, १-२. जून २०२५, हाँगकाँग. पुन्हा भरपाई वेळ, पुन्हा पेनल्टी, ०-१. ९ ऑक्टोबर २०२५, सिंगापूरच्या मैदानावर. पूर्वार्धाच्या भरपाई वेळेत गोल. त्यानंतर पाचच दिवसांनी तुम्ही जिथे बसला होता तिथे, फातोर्ड्याला, ४४ वं मिनिट.

सहा सामने, सहाही वेळा अर्ध संपता संपता. नोव्हेंबरमध्ये ढाक्याला बांगलादेशकडून २२ वर्षांनी हरलो, तो गोल मात्र अकराव्या मिनिटाचा. माझ्या हिशोबात तो बसत नाही. तोही वहीत आहे, लपवत नाही.

हे असं का होतं ते मला पुस्तकातून कळलेलं नाही. शाहू स्टेडियमवर उपान्त्य सामना होता, आम्ही एका गोलने पुढे, घड्याळात दोन मिनिटं. चेंडू माझ्याकडे आला. थेट गॅलरीत मारायचा सोडून मी तो मधल्या पट्ट्यात हाणला, रुबाबात. तिथे समोरच्यांचा हाफबॅक उभाच होता. त्याने पहिल्याच टचमध्ये मारला आणि आमचा गोली अजून माझ्याकडे बघतोय. पुढचे चार दिवस पेठेत दूध आणायला मी नाही, बायको जात होती. पण मला आजही आठवतं ते हे, की त्या क्षणी मला कोणीच "बाहेर!" असं ओरडलं नाही. ओरडायचं काम माझंच होतं आणि माझ्यात दम उरला नव्हता. पाय थकायच्या आधी जीभ थकते.

आता आपल्या राष्ट्रीय संघाकडे या. आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येतात, आणि त्यातला एक बहुतेक क्लब स्टॉपरच्या जागी लावतात. चूक म्हणत नाही, माझा क्लब असता तर मीही तेच केलं असतं. पण त्याचा परिणाम असा, की मागची ओळ वर घ्यायची की खाली, कोणी कोणाला धरायचं, हे तो परदेशी सांगतो आणि शेजारचा आपला पोरगा हंगामभर ऐकतो. मग निळी जर्सी घातली की दोन ऐकणारे शेजारी शेजारी उभे राहतात.

याला अपवाद संदेश झिंगन. त्याच्या खेळात खोट काढायला बसलं तर निघेल, वळायला तो वेळ घेतो, कार्डंही खातो. पण तो सामनाभर बोलतो. सीरियाविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच तो लंगडत बाहेर गेला तेव्हा ०-० होतं. ७६ व्या मिनिटाला गोल खाल्ला. सिंगापुरात ४७ व्या मिनिटाला दुसरं पिवळं कार्ड घेऊन गेला, म्हणून फातोर्ड्याला तुमच्या पोराला तो दिसला नाही.

मात्र एवढ्यावरून झिंगन नाही तर काही नाही, असं म्हणाल तर तेही खरं नाही. खालिद जमील प्रशिक्षक झाल्यावर पहिलीच स्पर्धा, मध्य आशियातला काफा नेशन्स कप. ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी २-१ ने हरवलं आणि दोन्ही गोल बॅकांचे : एक अन्वरचा, एक झिंगनचा. पुढे इराणशी खेळताना झिंगनच्या गालाचं हाड मोडलं आणि तो घरी परतला. तरी अफगाणिस्तानशी ०-०, आणि ओमानशी जादा वेळ धरून १२० मिनिटांत एकच गोल खाऊन पेनल्टींवर तिसरा क्रमांक. म्हणजे जमतं. फक्त रोज जमत नाही.

तर २०३१. झिंगनचा जन्म जुलै १९९३ चा, तेव्हा तो अडतिशीत असेल. आपला मुंबईचा राहुल भेके तोवर चाळिशी पार केलेला असेल. भेकेबद्दल मला जरा हळहळ आहे. २०१९ मध्ये आयएसएलच्या अंतिम सामन्यात, अंधेरीला, ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर डोकं लावून त्याने बंगळुरूला गोव्याविरुद्ध जिंकून दिलं, आणि राष्ट्रीय संघात पदार्पण झालं त्यानंतर, वयाच्या २८ व्या वर्षी. इतक्या उशिरा आलेला माणूस पुढच्या सहा वर्षांत उजवीकडे, मध्ये, सांगाल तिथे खेळला. त्याला पाच वर्षं आधी घेतलं असतं तर, हा विचार मी करत नाही असं नाही.

उरतो अन्वर. २००० चा जन्म, म्हणजे २०३१ मध्ये तिशी-एकतिशी. स्टॉपरचं ते ऐन वय. २०१९ मध्ये त्याच्या हृदयात दोष सापडला, खेळायला बंदी आली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलं, तरी पोरगा परत उभा राहिला. चेंडू पायाशी असताना त्याच्याइतका शांत आणि लांब पास देणारा स्टॉपर मी भारतात दुसरा बघितलेला नाही. फ्री-किक मारतो, हेडर मारतो. तक्रार एकच. तो स्वतःचं काम चोख करतो आणि शेजाऱ्याला सांगत नाही. हात कमरेवर. त्याला कुठल्याही क्लबने आता परदेशी जोडीदाराशिवाय खेळवावं आणि दंडावर कर्णधाराची पट्टी बांधावी. गोल खाईल, एक हंगाम खाऊ दे.

त्याच्या जोडीला कोण, याचं उत्तर अजून कच्चं आहे. मेहताब सिंग चांगला आहे, पण २०३१ मध्ये तो तेहतिशीत असेल. मणिपूरचा बिकाश युमनाम २००३ चा, मला त्याच्यावर नजर ठेवावीशी वाटते. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या २३ वर्षांखालच्या पोरांनी दोह्याला पात्रता फेरीत तीन सामन्यांत दोनच गोल खाल्ले, दोन्ही कतारकडून. पुढच्या फेरीत गेलो नाही, पण तिथली मागची ओळ बघण्यासारखी होती.

डावीकडची काळजी मला कमी. बलरामपूरचा आकाश मिश्रा आहे, पुण्याचा जय गुप्ता आहे, दोघंही २००१ चे. जयने उमेदीची वर्षं पोर्तुगालमध्ये काढली आणि त्याची एक गोष्ट मला फार आवडते : विंगर अंगावर आला की तो पायाकडे न बघता कमरेकडे बघतो. आकाशला पुढे धावण्याचा मोह आवरत नाही. मागे मोकळी जागा पडते ती स्टॉपर झाकणार, आणि स्टॉपर तर बोलत नाही. फिरून तिथेच आलो.

उजवी बाजू म्हणजे आपल्याकडे नेहमी कोणाला तरी सरकवलेली जागा. भेके तिकडे सरकवला, निखिल पुजारी मूळचा विंगर, त्याला मागे आणला. लहानपणापासून राइट बॅक म्हणूनच वाढलेले पोरगे आपण करतच नाही, कारण गल्लीत सगळ्यात कच्च्या पोराला आपण तिथे उभं करतो. तुमच्या सावंतवाडीत वेगळं असेल तर कळवा.

मुलाला एवढं सांगा : पुढचा सामना लागेल तेव्हा ४० ते ४५ या मिनिटांत चेंडूकडे बघू नको. मागच्या चौघांकडे बघ आणि कोणाचा हात हलतोय ते मोज. त्याला वही घेऊन द्या, शंभर पानी पुरे.

प्रश्न : इंग्लंड-अमेरिकेत वाढलेल्या भारतीय वंशाच्या मुलांना बचावफळीत घेतलं तर प्रश्न सुटणार नाही का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. आधी तिकडचा पासपोर्ट सोडावा लागतो. रायन विल्यम्सने २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा सोडला, पण तो आक्रमक खेळाडू. त्याच्यासारखे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके येतील. येतील त्यांचं स्वागत, पण त्यांची वाट बघत बसणं म्हणजे शेजारच्या विहिरीच्या भरवशावर ऊस लावणं.

प्रश्न : माझं वय ८१. जर्नेल सिंगसारखा बॅक पुन्हा झाला नाही, हे तुम्ही मान्य कराल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आजोबा, मान्य करतो, पण थोडी कुरकुर करून. १९६२, जकार्ता, आशियाई क्रीडा स्पर्धा. कपाळ फुटलेलं, टाके घातलेले, अशा अवस्थेत प्रशिक्षक रहीमसाहेबांनी जर्नेलला मागून काढून चक्क पुढे सेंटर फॉरवर्ड केलं आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध त्याने गोल केला. २-१, सुवर्णपदक. हे ऐकून आमची पिढी वाढली. पण त्या गोष्टीत आपण नेहमी एक माणूस विसरतो : जर्नेल पुढे जाऊ शकला कारण मागे अरुण घोष होता. जोडीतला दुसरा कधी कोणाला आठवत नाही. आणि १९६४ च्या आशियाई चषकाचं आपलं उपविजेतेपदही मोठं खरं, फक्त तिथे एकूण संघ चारच होते, हे पोरांना सांगताना गाळू नका.

प्रश्न : सर, मी मडगावची, बारावीत आहे आणि स्टॉपर खेळते. उंची पाच फूट दोन इंच. कोच म्हणतात विंगवर जा. जाऊ का? आणि शेवटच्या मिनिटांत मी घाबरते, त्याला काय करू?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : पोरी, २००६ चा विश्वचषक उचलणारा इटलीचा कर्णधार कानावारो स्टॉपरच होता आणि त्याची उंची १७६ सेंटिमीटर, म्हणजे त्याच्या जागेसाठी बुटकीच. त्या वर्षीचा बॅलन डी'ओरही त्यालाच मिळाला. त्यामुळे निव्वळ उंचीसाठी जागा सोडू नकोस. मात्र तुझे कोच तुला रोज बघतात, मी बघितलेलं नाही. तू वळायला मंद असशील म्हणून ते सांगत असतील, तर त्यांचं ऐक. सरळ विचार त्यांना, रुसून बसू नकोस.

घाबरण्याचं म्हणशील, तर माझ्याकडची पोरं करतात ते सांगतो. सराव संपला, सगळे पाणी प्यायला निघाले, की मी शिट्टी मारतो आणि अजून पाच मिनिटं खेळवतो. एक गोल पुढे आहोत असं धरायचं. त्या पाच मिनिटांत स्टॉपरने प्रत्येक चेंडूला एक शब्द ओरडायचा : "वर", "धर", "बाहेर", "माझा". गप्प राहिली की गोल धरला जातो, जाळ्यात जावो न जावो. पहिला आठवडा सगळ्यांना लाज वाटते, घसा बसतो. दुसऱ्या आठवड्यात शेजारची लेफ्ट बॅक आपणहून उत्तर द्यायला लागते.

तुझा घसा कधी बसला ते मला पुढच्या पत्रात लिही.