नकलेत एक तरी खरा शब्द हवा

झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या रंगभूमीवरच्या, विनोदी नटांवर मागच्या अंकात लिहिलं, तेव्हापासून पत्रं येताहेत. वीस-बावीस हंगाम मी वडसा भागातल्या नाटक कंपन्यांत विनोदी कामं केली. आता गावच्या वाचनालयात पंधरवड्यातून एकदा सिनेमा लावतो. म्हणून की काय, या खेपेची बरीच पत्रं एकाच गोष्टीवर आहेत: दुसऱ्याची बोली, रंग, जमात यांवर हसवणारे सिनेमे. पाच पत्रं घेतो. शेवटच्याला जागा जास्त लागेल, कारण त्यात माझंही देणं आहे.

प्रश्न : मी दर्यापूर तालुक्यातली, पुण्यात शिकते. सिनेमात वऱ्हाडी बोलणारा नोकर किंवा हवालदार आला की होस्टेलच्या मैत्रिणी माझ्याकडे वळतात. ‘तू बोल ना तसं’ म्हणतात. मी बोलते, त्या हसतात. नंतर रात्री मला वाईट वाटतं. मी उगाच मनाला लावून घेते का?

उत्तर : नाही बेटा, उगाच नाही. त्या तुझ्या बोलण्यावर हसत नाहीत, आवाजावर हसतात. तू काय म्हणालीस हे त्यातल्या एकीलाही सांगता येणार नाही.

असंच दुखणं घेऊन सातासमुद्रापलीकडे एक माणूस उभा राहिला होता. अमेरिकेतल्या ‘द सिम्प्सन्स’ या कार्टून मालिकेत १९९० पासून अपू नावाचा भारतीय दुकानदार होता. त्याचा तो हेल काढणारा नट हँक अझारिया, गोरा. भारतीय वंशाची पोरं तिकडच्या शाळेत गेली की वर्गातली मुलं त्यांना अपूच्या आवाजात चिडवत. हरी कोंडाबोलू हा त्यातलाच एक, पुढे स्वतः विनोदी कलाकार झाला आणि २०१७ साली त्यानं यावर माहितीपट काढला. पुष्कळ लोक त्याच्यावर चिडले, एवढ्याशा गोष्टीचं काय म्हणाले. पण २०२० साली अझारियानं अपूचा आवाज देणं सोडलं. म्हणजे लावून घेणारी तू एकटी नाहीस.

आता आपल्याकडचं. भारत गणेशपुरे ‘चला हवा येऊ द्या’त वऱ्हाडी बोलले आणि अख्खा महाराष्ट्र हसला. तेव्हा मला वाईट वाटलं नाही. ते अमरावती जिल्ह्याचे, ती त्यांची घरची बोली. कुठं थांबायचं, कुठं ओढायचं, ‘बाप्पा’ कधी कौतुकानं येतो आणि कधी कंटाळ्यानं, हे त्यांना ठाऊक असतं. सिनेमातला तो हवालदार मात्र प्रत्येक वाक्याला ‘बाप्पा’ लावतो आणि ‘मले-तुले’ म्हणून मोकळा होतो. शाळेला ‘शाया’ म्हणत नाही, डोळ्याला ‘डोया’ म्हणत नाही, ‘जाऊन राह्यलो’ कुठं बसतं तेही त्याला कळत नाही. लिहिणाऱ्यानं दर्यापूरचा एसटी स्टँडसुद्धा पाहिलेला नसतो.

पुढच्या वेळी बोलून दाखव म्हणाल्या तर उद्धव शेळक्यांची ‘धग’ काढ आणि कौतिकच्या तोंडचं एक पान मोठ्यानं वाच. १९६० सालची कादंबरी आहे. त्या बोलीत बाई संसार ओढते, रडते, भांडते. हसायला जागा सापडते का ते त्यांनाच बघू दे. आणि हेही सांग की मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ, म्हाइंभटांचं लीळाचरित्र, तेराव्या शतकात तुझ्याच जिल्ह्यात, रिद्धपूरला तयार झाला.

प्रश्न : आमचे आबा ‘पडोसन’ लागला की जेवणाचं ताट घेऊन टीव्हीसमोर बसतात. मेहमूदच्या दाक्षिणात्य गाण्याच्या मास्तरला बघून त्यांना ठसका लागतो. माझा चुलत भाऊ चेन्नईत नोकरी करतो, तो म्हणतो हा सिनेमा दाक्षिणात्यांचा अपमान आहे, बंद करा. घरात रोज वाद. तुमचं मत? (एक वाचक, तालुका तिरोडा)

उत्तर : आबांचं ताट उचलू नका. पण पुढच्या वेळी भावाला त्यांच्या शेजारी बसवा आणि ‘एक चतुर नार’ या गाण्याला दोघांनाही एकच गोष्ट बघायला सांगा: गातं कोण?

१९६८ चा सिनेमा. एका मुलीसाठी दोघांत गाण्याची चढाओढ लागते. खिडकीत उभा सुनील दत्त नुसते ओठ हलवतो, मागे लपून किशोर कुमार गातो. समोरच्या घरात मेहमूदचा मास्तर स्वतः गातो, त्याला आवाज मन्ना डेंचा. म्हणजे त्या आळीत रियाज केलेला, तालासुरात पक्का असा एकच माणूस, आणि हरतो तोच. ते त्याचं शेंडीचं डोकं, ती लुंगी, तो ‘अय्यो’ काढून बघा: पोटासाठी परमुलखात शिकवण्या करणारा, विद्यार्थिनीवर जीव जडलेला एक शिक्षक उरतो, आणि फसवणूक त्याचीच होते. मेहमूद मोठा नट होता, म्हणून हे दुःख त्याच्या डोळ्यांत दिसतं. सिनेमा मात्र तिकडे बघत नाही.

तेव्हा भाऊ खरं बोलतो आणि आबांचं हसूही खोटं नाही. मला राग येतो तो त्यानंतरच्या नकलांचा. मेहमूदच्या मास्तरला निदान सूर होता. पुढच्यांनी सूर टाकला आणि ‘अय्यो’ तेवढं ठेवलं. तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम या चार भाषा, चार लिप्या, आणि आपण चारींना मिळून ‘मद्राशी’ म्हणून टाकतो. सिरोंचाकडे जाऊन या, आपल्याच विदर्भात घराघरांतून तेलुगू बोलतात.

प्रश्न : ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हे आपल्या वऱ्हाडी माणसांवर आहे का? मित्राशी पैज लागली आहे.

उत्तर : नाही. त्यातलं वऱ्हाड म्हणजे लग्नाचं वऱ्हाड. बोली मराठवाड्याची, आणि लक्ष्मण देशपांडे एकटे सगळी पात्रं करत. पैज हरलात.

प्रश्न : आमच्या गावात पोरांनी प्रोजेक्टर घेतला आहे. त्यांना इंग्रजी विनोदी सिनेमे हवेत, पण त्यांत काळ्या-गोऱ्यांवर, आपल्या लोकांवर विनोद असतात. कोणता दाखवावा, कोणता नको?

उत्तर : नको असा शिक्का मी कशावरच मारणार नाही. दोन सिनेमे पाठोपाठ लावा.

आधी ‘द पार्टी’, १९६८ चाच. पीटर सेलर्स हा इंग्रज नट तोंडाला तपकिरी रंग लावून हृंदी बक्षी नावाचा भारतीय नट होतो. चुकून हॉलिवूडच्या बड्या मेजवानीचं बोलावणं येतं आणि त्याच्या हातून घरभर गोंधळ होतो. आमच्या वाचनालयात हा लावला तेव्हा पोरं खूप हसली. हरवलेला बूट शोधताना त्याची जी तारांबळ होते, तिथं मीही हसलो. बक्षी मनाचा सरळ आहे, त्या श्रीमंतांपेक्षा कितीतरी भला. पण रंग तो रंगच. त्या काळी भारतीय नट नव्हते असं थोडंच आहे!

मग ‘ब्लेझिंग सॅडल्स’ लावा, १९७४ चा, मेल ब्रुक्सचा. लिहिणाऱ्यांत रिचर्ड प्रायर हा कृष्णवर्णीय विनोदवीर होता, ते जागोजाग जाणवतं. गोऱ्यांच्या गावाला काळा शेरीफ, म्हणजे तिकडचा फौजदार, मिळतो. स्वागताला जमलेले लोक त्याला बघताच बंदुका रोखतात. तो काय करतो, तर आपलंच पिस्तूल आपल्याच डोक्याला लावतो आणि ‘हललात तर हा काळा मरेल’ अशी धमकी देतो. गाव घाबरून मागं सरतं. त्याला मारायलाच निघालेले लोक त्याचा जीव वाचवायला बघतात! क्लीव्हन लिटल तो प्रसंग असा करतो की द्वेष किती बिनडोक असतो ते पोरांना कुणी वेगळं सांगावं लागत नाही. शिवीगाळ भरपूर आहे, म्हणून लहान मुलांना बसवू नका.

वेळ उरला तर बीबीसीच्या ‘गुडनेस ग्रेशस मी’मधला हॉटेलचा प्रसंग मोबाईलवर शोधा, १९९८ चा. मुंबईतली भारतीय मंडळी रात्री ‘इंग्लिश’ जेवायला जातात, वेटरच्या नावाची वाट लावतात आणि सगळ्यात अळणी पदार्थ कोणता म्हणून विचारतात. विलायतेत आपल्या माणसांच्या हॉटेलात काय चालतं, तेच उलटं करून दाखवलंय. मुख्य कामं करणारी मंडळी भारतीय वंशाचीच.

प्रश्न : मी आरमोरी तालुक्यात शिक्षक आहे. स्नेहसंमेलनात मुलं एक विनोदी नाटिका करणार आहेत. जंगलात वाट चुकलेला शहरी माणूस आणि त्याला पकडणारे आदिवासी. मुलांना चेहरे काळे करून ‘झिंगालाला’ नाच करायचा आहे. एक सहकारी म्हणतात, लहान मुलं आहेत, करू द्या. वर्गात निम्मी मुलं गोंड आहेत आणि नाचायला तीही तयार आहेत. काय करावं?

उत्तर : गुरुजी, हे काम मी केलेलं आहे. रंगही मीच लावला होता.

१९९४ चा हिवाळा. दिवाळीनंतर मंडईची जत्रा, दिवसा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक, हे आपल्याला नवीन नाही. आमच्या नाटकात दुसऱ्या अंकात जंगलाचा राजा यायचा, तो मी. तव्याखालची काजळी खोबरेल तेलात कालवून तोंडाला, हाताला, पोटाला. डोक्यात कोंबड्याची पिसं. तोंडात ‘हुर्र, हुंबा, झिंगा’. रात्री एक वाजता लोक पेंगायला लागले की मला पाठवायचे आणि शामियाना जागा व्हायचा. तो हंगाम माझ्या नावावर बुकिंग येत होतं.

एका गावात पहाटे नाटक संपलं. मी बोरिंगवर तोंड धूत होतो. तेलातली काजळी पाण्यानं जात नाही, राखेनं घासावी लागते. दगडावरून काळं पाणी वाहत होतं. पन्नाशीची एक गोंड बाई पाणी भरायचा गुंड घेऊन आली. मंडईसाठी बहिणीकडे मुक्कामी आलेली, रात्रभर नाटक पाहिलेली. माझं होईस्तोवर उभी राहिली. मी बाजूला झालो तशी म्हणाली, ‘‘बापू, रातभर तुमी आमची बोली बोलले. त पान्याले का म्हनतेत, सांगा ना जी.’’

मला येत नव्हतं. बोरिंगचा दांडा माझ्या हातात होता, पाणी पडत होतं आणि मला त्याचं नाव येत नव्हतं. ती थोडा वेळ थांबली. मग गुंड धारेखाली सरकवत म्हणाली, ‘‘येर म्हनतेत.’’ भरून झालं, डोक्यावर घेतलं, गेली. रागावली नाही.

त्या दिवशी मी काम सोडलं असतं तर बरं झालं असतं. नाही सोडलं. मालक म्हणाले, पब्लिकला हेच पाहिजे, आणि मी उरलेला हंगाम तसाच काढला. हे लिहायला तीस वर्षं लागली.

चेहरा काळा करून हसवण्याची ही रीत पुढे मी वाचली. अमेरिकेत १८३० च्या सुमारास गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून गुलाम काळ्यांची नक्कल करत, नाचत, गात. थॉमस राईस नावाच्या नटाचं असं एक पात्र होतं, जिम क्रो. त्याच पात्राचं नाव नंतर तिथल्या वेगळ्या शाळा, वेगळे डबे, वेगळे नळ लावणाऱ्या कायद्यांना पडलं. ते वाचताना मला माझा तवा आठवला. आणि आपण राजा कुणाला करत होतो? चंद्रपूरचा परकोट ज्यांनी बांधला, नागपूर शहर ज्यांनी वसवलं, त्या गोंड राजांच्या मुलखात मी पिसं लावून ‘हुर्र’ करत होतो.

पुढच्या हंगामात आमच्याच कंपनीचा पेटीवाला, जो गोंड होता, त्याच्यासोबत बसलो. वर्षभर बाजूला बसून पेटी वाजवली, पण त्यानं कधी विषय काढला नव्हता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, ‘‘इचारलं कोनी?’’ आम्ही प्रसंग नवा बांधला. जंगलखात्याचा नवा साहेब गावात येतो, पुस्तकातून पाठ केलेली गोंडी झाडतो, आणि प्रत्येक शब्द चुकतो. तहान लागलेली असते, मागतो भलतंच. म्हातारा गोंड शांतपणे त्याला शब्द शिकवतो, तोवर पाणी देत नाही. साहेब मी झालो, म्हातारा पेटीवाला. सुरुवातीच्या दोन-तीन गावांत हशा कमी पडला आणि मालक कुरकुरले. मग कुरखेड्याकडच्या एका गावी मागे कनातीजवळ, जिथं एरवी गोंड लोक गप्प बसून नाटक बघायचे, तिथून पहिला हशा आला. मागून पुढं आला. पुढचे लोक वळून बघायला लागले, काय झालं म्हणून.

तुमची गोंड मुलं नाचायला तयार आहेत, यावर जाऊ नका. माझा पेटीवालाही वर्षभर तयारच होता.

नाटिका बंद करू नका. वाट चुकलेला शहरी माणूस छान पात्र आहे, हसण्यासारखं त्याच्यातच खूप आहे. त्याला मोबाईलची रेंज नाही, मोहाचं झाड ओळखता येत नाही, पायवाट आणि गुरांची वाट यांतला फरक कळत नाही. काजळी आणि पिसं तेवढी काढा. मुलांना चार दिवस द्या, घरून, टोल्यावरून, आजीकडून प्रत्येकानं गोंडीतले पाच शब्द आणायचे. आणलेले शब्द फळ्यावर लिहा आणि त्यातूनच संवाद बांधा. उच्चार चुकला तर दुरुस्त करणारी मुलं वर्गातच आहेत, एरवी ती मागच्या बाकावर असतील, यावेळी त्यांना दिग्दर्शक करा. मुलं पहिल्यांदा आत येतील तेव्हा ‘झिंगालाला’च्या जागी ‘जय सेवा’ हा गोंडांचा नमस्कार म्हणतील, तेवढं माझ्यासाठी ठेवा.

तारीख कळवा. पटाचा दिवस नसेल तर मी येतो, आणि पेटीवाल्यालाही आणतो. तो आता थकला आहे, पण पेटी अजून घरी आहे.