गरीब घरांतल्या मुलांसाठी शाळेनंतर मोफत अभ्यासवर्ग सुरू करायचा आहे, सुरुवात कशी करावी?

खोली आहे, चार स्वयंसेवक आहेत आणि चौथी ते सातवीची वीसेक मुलं यायला तयार आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मग पहिल्या आठवड्यात शिकवायची घाई करू नका, आधी मुलं कुठे आहेत ते बघा.

एकेका मुलाला बाजूला बसवून दहा मिनिटं द्या. ‘प्रथम’ ही शिक्षणात काम करणारी संस्था मुलांना वाचता आणि गणित करता येतं का ते घरोघरी तपासते; तिच्या त्या ‘असर’ पाहणीत असते तशी चाचणी पुरते: अक्षरं, सुटे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट, गणितात अंकओळख, हातच्याची वजाबाकी आणि भागाकार. परिच्छेद मात्र त्यांच्या पुस्तकातला नको. कित्येकांना धडे तोंडपाठ असतात, पण मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवलं की अडतात.

गट या चाचणीवरून पाडा, इयत्तेवरून नव्हे. भाषेचे वेगळे, गणिताचे वेगळे. अक्षरांत अडणारी चार-पाचच मुलं एकाकडे द्या. गोष्ट वाचणारी आठ एकत्र बसली तरी चालतं. सहावीतल्या मुलाला धाकट्यांत बसायची लाज वाटते, म्हणून गटांना नावं द्या आणि इयत्तेचा उल्लेखच टाळा.

बहुतेक वर्ग फसतात ते गृहपाठापायी. तो आधी काढला की दीड तास त्यातच जातो, मुलं उत्तरं उतरवून घेतात आणि पाया कच्चाच राहतो. पस्तीस मिनिटं वाचन-लेखन, पस्तीस मिनिटं गणित आणि गृहपाठ शेवटच्या वीस मिनिटांत. पालक कुरकुर करतील. त्यांना मुलाचं वाचन समोर ऐकवा.

चुकीच्या उत्तरावर नुसती फुली मारू नका, ते कसं आलं ते विचारा. ५२ − ३८ चं उत्तर २६ आलं, तर मुलाने आठातून दोन आणि पाचातून तीन वजा केले आहेत, म्हणजे प्रत्येक घरात मोठ्यातून लहान. ‘हातचा घे’ असं दहादा सांगून हे सुटत नाही. दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या द्या आणि अडतीस काढायला सांगा. आठ सुट्या मिळत नाहीत म्हटल्यावर ते स्वतःच एक जुडी सोडतं. उरतात १४. मगच वहीत मांडणी.

स्वयंसेवक आठवड्यातून दोन ठरलेले दिवस येणारेच घ्या. रोज नवा चेहरा दिसला तर मूल मोकळं होत नाही. कॉलेजची मुलं परीक्षेच्या दिवसांत गळतात, तेव्हाची सोय आधीच करून ठेवा. प्रत्येक मुलामागे एक वही हवी: आज काय घेतलं, कुठे अडलं. दुसऱ्या दिवशीचा शिक्षक तिथूनच उचलतो.

खोलीत कायम दोन मोठी माणसं आणि दार उघडं, यात तडजोड नको. पालकांची लेखी परवानगी घ्या, मुलांचे फोटो कुठेही टाकू नका. गळती लागली तर मुलांना दोष देण्याआधी वेळ तपासा. धाकट्या भावंडाला सांभाळायचं असतं म्हणून मुली घरीच थांबतात. त्या भावंडालाही कोपऱ्यात बसू द्या.

दर सहा-आठ आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा घ्या आणि गट बदला. दोन वेळा एखादं मूल जागचं हललं नाही, तर ते पुस्तक डोळ्यांजवळ नेतं का, हाक मारल्यावर वळतं का, ते बघा. शंका आली तर जादा तास लावण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या.