एफडी राहू द्या, अपील टाका

धानोरीहून लष्करातून निवृत्त झालेल्या एका हवालदारांचं पत्र आलंय. २४ वर्षं नोकरी, जुलै २०२२ मध्ये निवृत्ती. लेहला असताना रक्तदाब निघाला. निवृत्तीच्या वेळी तपासणी करणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाने ३० टक्के अपंगत्व आयुष्यभरासाठी धरलं, पण ते नोकरीमुळे झालं नाही आणि नोकरीने वाढलंही नाही असा शेरा मारला. डिसॅबिलिटी पेन्शन गेली. पहिलं अपीलही चार महिन्यांपूर्वी फेटाळलं. आता एक एजंट ५० हजार रोख आणि थकबाकीचा तिसरा हिस्सा मागतोय. मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली सहा लाखांची एफडी मोडू का, असं ते विचारतात. पत्नीचं म्हणणं, सरकारशी कोण भांडणार, सोडा.

हवालदारसाहेब, आधी कॅलेंडर बघा. दुसऱ्या अपिलाला नकारापासून सहा महिने मिळतात, तुमचे दोन उरलेत. आणि त्याला खर्च काय, तर अर्ज, झेरॉक्स आणि स्पीड पोस्ट. एफडीचा प्रश्न इथे येतच नाही.

आता वहिनींसाठी हिशेब. मिलिटरी सर्व्हिस पे धरून शेवटचा पगार तुम्ही ४८,००० लिहिलाय. शंभर टक्के अपंगत्वाला त्याचे ३० टक्के, म्हणजे १४,४००. तुमचे ३० टक्के राउंडिंगमध्ये ५० धरले जातात. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही हा फायदा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात दिला. म्हणजे महिना ७,२००, वर महागाई सवलत, तहहयात. थकबाकी मात्र २००८ च्या तरसेम सिंग निकालानंतर बऱ्याच प्रकरणांत सशस्त्र दल न्यायाधिकरणातल्या (ट्रायब्यूनल) अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच मिळालेली आहे, तेव्हा २,५९,२०० च धरा. निवृत्तीला तीन वर्षं उलटून गेली. त्यामुळे इथून पुढे ट्रायब्यूनलला जायला जितके महिने लागतील, तितक्या वेळा ७,२०० वर पाणी.

एजंटाचा तिसरा हिस्सा ८६,४००, रोख धरून १,३६,४००. निकालावर अवलंबून फी किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मनाई आहे. मग हा माणूस एकतर वकील नाही, किंवा नियम न पाळणारा आहे. दोन्ही बाबतीत लांबूनच रामराम.

केस मला बरी वाटते. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो नोकरीतूनच आला असं धरायचं आणि उलट सिद्ध करणं सरकारचं काम, हे धरमवीर सिंग प्रकरणात २०१३ साली ठरलं. वर लेहची पोस्टिंग. अपंगत्व पेन्शनचे सप्टेंबर २०२३ चे नवे नियमही तुम्हाला लागत नाहीत, तुम्ही त्याआधीच निवृत्त झालात. तरी निकाल हातचा धरून मुलाच्या फीचं गणित मांडू नका.

दुसरं अपील फेटाळलं, किंवा सहा महिने उत्तरच आलं नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. तिथे वकील लागेल. फी ठरावीक आणि टप्प्याटप्प्याने, एकूण ६० हजारांच्या आत ठेवा. जिंकलात तर नऊ महिन्यांच्या पेन्शनमध्ये वसूल. त्यासाठी आजपासून दरमहा ३,००० ची आरडी काढा.

अर्जाचा मसुदा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवून घ्या. मेडिकल बोर्डाचे कागद आणि पोस्टिंगची यादी रेकॉर्ड ऑफिसकडून मागवा, टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात. आणि एजंटाकडे मूळ कागद दिले असतील, तर उद्याच जाऊन परत आणा.